गिटार प्रोसेसर कॉम्प्युटरला जोडून रेकॉर्डिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च लागला की माझा फोन वाजायला लागतो. १४ एप्रिलच्या आधी भीमगीतांचं रेकॉर्डिंग उरकायचं असतं, मग कॉलेजच्या पोरांना सुट्ट्या लागतात, आणि त्यांच्या मागोमाग गणपतीच्या ऑर्केस्ट्रावाल्यांची घाई सुरू होते. प्रत्येकाकडे प्रोसेसर, म्हणजे गिटारच्या आवाजाला इफेक्ट देणारी पेटी, असतो, लॅपटॉप असतो, आणि दोघांचं आपसात जमत नसतं. तेच ते फोनवर सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं. खालचे प्रश्न कसेही वाचा, फक्त पहिले तीन वगळू नका. बहुतेकांचं घोडं तिथेच अडलेलं असतं.

प्रोसेसर थेट लॅपटॉपला लागतो का, की मध्ये ऑडिओ इंटरफेस घ्यावाच लागतो?

तुमच्या प्रोसेसरवर अवलंबून आहे. आजकालच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये इंटरफेस, म्हणजे आवाज आकड्यांत बदलून कॉम्प्युटरला देणारं यंत्र, आतच असतो. गिटारचा आवाज आत आकड्यांच्या रूपात तयार असतोच, तो यूएसबीच्या तारेतून तसाच कॉम्प्युटरला जातो. अशा वेळी वेगळा इंटरफेस घेणं म्हणजे घरात नळ असताना टँकर मागवणं.

पण मागे यूएसबीचं भोक दिसलं म्हणून खूश होऊ नका. काही मॉडेलमध्ये ते फक्त पॅच (साठवलेली आवाजाची सेटिंग) बदलायला आणि फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करायला दिलेलं असतं, त्यातून आवाज जातच नाही. झूमचा जी-वन फोर तसाच आहे. लॅपटॉपला लावला की त्याचं एडिटर सॉफ्टवेअर चालतं, रेकॉर्डिंग होत नाही. उलट लाईन सिक्सच्या हेलिक्समधून एकाच तारेतून आठ चॅनेल आत जातात आणि आठ बाहेर येतात. तेव्हा विकत घेण्याआधी मॅन्युअलमध्ये ‘यूएसबी ऑडिओ’ हे शब्द आहेत का ते पाहा. नुसतं ‘यूएसबी’ लिहिलं असेल तर दुकानदाराला खोदून विचारा.

केबल कोणती आणायची?

पुष्कळ प्रोसेसरच्या मागे चौकोनी, वरून दोन कोपरे कापलेलं भोक असतं. दुकानात ‘प्रिंटर केबल’ म्हणा, लगेच हातात देतील. नवीन मॉडेलना टाईप-सी किंवा मायक्रो यूएसबी लागते.

खरी फसगत मायक्रो आणि टाईप-सीमध्ये होते. स्वस्त चार्जिंगच्या केबलमध्ये फक्त करंटच्या दोन तारा असतात, डेटाच्या दोन तारा नसतातच. बाहेरून दोन्ही केबल जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. माझ्या दोन संध्याकाळी अशाच गेल्या. ड्रायव्हर तीन वेळा काढून टाकला, विंडोज शिव्या घालत रीस्टार्ट केलं, आणि शेवटी कळलं की वायर पॉवर बँकेसोबत आलेली होती. सोपी परीक्षा अशी: तीच केबल मोबाईलला लावा. लॅपटॉपवर मोबाईलमधले फोटो दिसले तर केबल डेटाची आहे.

लांबी ५ मीटरच्या आत ठेवा, दोन मीटर तर उत्तमच. आणि केबल लॅपटॉपच्या पोर्टमध्ये थेट लावा. माऊस, पेन ड्राईव्ह आणि प्रोसेसर एकाच हबवर कोंबले की मध्येच टिक-टिक ऐकू येते.

केबल बरोबर आहे, तरी लॅपटॉप ओळखत नाही.

विंडोज असेल तर कंपनीच्या साईटवरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवा. बऱ्याच ड्रायव्हरचा क्रम उलटा असतो: आधी ड्रायव्हर टाकायचा, त्याने सांगितल्यावरच केबल खोचायची. आधी केबल लावली की विंडोज स्वतःचा कामचलाऊ ड्रायव्हर चिकटवून बसतं.

रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये मग ‘आसिओ’ निवडायचं. ही स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली आणलेली पद्धत आहे. विंडोजच्या स्वतःच्या आवाज-व्यवस्थेला वळसा घालून सॉफ्टवेअर सरळ यंत्राशी बोलतं, म्हणून उशीर कमी होतो. कंपनीचा ड्रायव्हर मिळतच नसेल तर ‘आसिओ फॉर ऑल’ नावाचा फुकट जुगाड आहे. चालतो, पण तो शेवटचा उपाय. कंपनीचा ड्रायव्हर असताना त्याच्या नादी लागू नका.

मॅकवर अनेक प्रोसेसर ड्रायव्हरशिवाय चालतात. तुमचा चालतो का, ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

केबल लावल्याबरोबर लॅपटॉपच्या स्पीकरचा आवाजच गेला! बिघडला का?

नाही. प्रोसेसर आता तुमच्या लॅपटॉपचं साऊंड कार्ड झाला आहे, म्हणून गाणी, व्हिडिओ, सगळं त्याच्या हेडफोनच्या भोकातून बाहेर पडतंय. हेडफोन तिथे लावा. काम झालं की विंडोजच्या टास्कबारवर स्पीकरच्या चिन्हातून आऊटपुट परत बदला.

माझ्या जुन्या प्रोसेसरला यूएसबी ऑडिओ नाही. मग काय, विकून टाकू?

विकू नका. त्याच्या आऊटपुटमधून साधी तार काढून आवाज नेता येतो. उत्तम रस्ता म्हणजे दोन इनपुटचा छोटा ऑडिओ इंटरफेस: प्रोसेसरचा डावा-उजवा आऊटपुट इंटरफेसच्या दोन लाईन इनपुटमध्ये. मोठी पिन मागताना नागपुरात बर्डीच्या बाजारात ‘पी-३८’ म्हणा आणि छोट्या साडेतीन मिलिमीटरच्या पिनला ‘ईपी’, म्हणजे काऊंटरवरच्या माणसाला दुसऱ्यांदा विचारावं लागणार नाही.

जुना डेस्कटॉप असेल तर मागे फिकट निळं भोक असतं, ते लाईन-इन. गुलाबी भोक माईकचं, तिथे लावू नका. प्रोसेसरचा आऊटपुट माईकच्या आवाजापेक्षा कितीतरी जोरदार असतो, गुलाबी भोकात गेला की फाटतो. लॅपटॉपला हल्ली एकच भोक असतं, हेडफोन आणि माईक मिळून. तिथे आत जाणारा रस्ता फक्त माईकचा आणि तोही मोनो. नाइलाज असेल तर प्रोसेसरचा मास्टर अगदी खाली ठेवून करता येतं, पण ते गाणं शिकताना स्वतःला ऐकण्यापुरतं. कोणाला पाठवायचं असेल तर नको.

रेकॉर्ड झालं, पण गिटार लांबून, पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखी येते.

लॅपटॉपचा माईक रेकॉर्ड करतोय, प्रोसेसर नाही. हसू नका, माझंही झालं आहे. एका सोलोचे अकरा टेक घेतले, रात्री ऐकले तर मागे कूलरची घरघर आणि कुकरची तिसरी शिट्टी. गिटारच्या तारा नुसत्या खटखट वाजत होत्या, कारण माईकला तेवढंच ऐकू येत होतं.

तेव्हापासून सवय लावली आहे. ट्रॅक रेकॉर्डला लावायचा, गिटारचा व्हॉल्यूम शून्य करायचा, आणि लॅपटॉपच्या की-बोर्डशेजारी नखाने टकटक करायची. मीटर हललं तर चुकीचा इनपुट निवडला आहे.

भाऊ, तार छेडली की आवाज उशिरा येऊन राहिला. काहून?

याला लेटन्सी म्हणतात. हे जरा नीट समजून घेतलं तर पुढचे निम्मे घोळ टळतात.

कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने घेत नाही, बादली भरली की उचलतो. त्या बादलीचं नाव बफर. ४४.१ किलोहर्ट्झवर सेकंदाला ४४,१०० नमुने येतात. बफर १२८ असेल तर बादली भरायला जेमतेम ३ मिलिसेकंद लागतात, ५१२ ला साधारण १२, आणि १०२४ ला २३. हे फक्त आत जाताना. परत बाहेर येतानाही तेवढाच वेळ लागतो, वर यंत्राचा स्वतःचा थोडा. आवाज हवेतून ३ मिलिसेकंदांत साधारण एक मीटर जातो, म्हणजे बफर १०२४ वर ठेवलात तर तुमचा अँप्लिफायर तुमच्यापासून पंधरा-सोळा मीटर लांब, शेजाऱ्याच्या अंगणात ठेवल्यासारखा होतो. कोणाचाही ताल सुटेल.

पण बफर फार लहान केला तर कॉम्प्युटरला सारखी धावपळ होते आणि चट-चट आवाज येतात. म्हणून वाजवताना १२८ किंवा २५६, आणि मिक्सिंगला बसलात की १०२४. मिक्स करताना थोडा उशीर झाला तरी काही बिघडत नाही.

मात्र प्रोसेसर वापरणाऱ्याला या सगळ्याची झळ लागायलाच नको. तुमचा आवाज प्रोसेसरमध्येच तयार होतो. हेडफोन प्रोसेसरला लावा आणि सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग, म्हणजे वाजवलेलं कॉम्प्युटरमधून परत ऐकवणं, बंद करा. गिटार सरळ प्रोसेसरमधून ऐकू येईल, मागचा ट्रॅक यूएसबीतून येईल, आणि बफर काहीही असो, हाताला उशीर जाणवणार नाही.

मला प्रत्येक नोट दोनदा ऐकू येते.

वरच्या उत्तराचा शेवट वाचा. एक आवाज प्रोसेसरमधून सरळ येतोय आणि दुसरा कॉम्प्युटरला वळसा घालून. सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा.

सारखी घों-घों येते. प्रोसेसर खराब आहे का?

नागपुरात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तोही एप्रिल-मे मध्ये. यंत्रावर आळ घेण्याआधी खोलीत बघा.

आपल्या भिंतीतली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली हजारो वेढ्यांची बारीक तार. आसपास विजेचं चुंबकीय क्षेत्र असलं की तो ते इमानाने पकडतो. ५० आणि १०० हर्ट्झ दोन्ही ‘जी’ स्वराच्या जवळपास पडतात, त्यामुळे ‘जी’मधल्या गाण्यात घों-घों लपते आणि ‘ए’मध्ये अंगावर येते. आणि खोलीत काय असतं? खिडकीत कूलर, त्याच्या पंख्याची मोटर, पाण्याचा पंप, छताचा पंखा. पंखा-कूलरला गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर तो विजेची लाट मध्येच कापतो, आणि त्या कापण्याची खरखरीत झणझण गिटारमधून येते. रेग्युलेटर पूर्ण फुल करा किंवा पंखा बंद करा. फरक लगेच कळेल.

परवा एका मुलाकडे गेलो. ४४ अंशांची दुपार, कूलर सुरू, आणि पठ्ठ्या कूलरला टेकून बसला होता कारण गार वारा तिथेच. मी त्याला काही बोललो नाही, नुसतं गिटारसकट गोल फिरायला सांगितलं. एका दिशेला तोंड केलं की घों-घों अर्ध्यावर, पाव फेरी पुढे गेला की पुन्हा पूर्ण. पिकअपला दिशा कळते. खोलीतली शांत दिशा एकदा शोधा आणि खुर्ची तिथेच ठेवा. टेक घेण्यापुरता कूलर बंद करा, टेक झाला की सुरू. घाम येतो, येऊ द्या.

सिंगल कॉईल पिकअपला हा त्रास जास्त. हंबकरमध्ये दोन कॉईल उलट-सुलट जोडलेल्या असतात, घों-घों एकमेकींना खोडते आणि तारांचा आवाज उरतो. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. स्ट्रॅटवाल्यांनी (तीन सिंगल कॉईलच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवाल्यांनी) पाच खटक्यांच्या स्विचवर दुसरी किंवा चौथी जागा वापरून पाहावी, बऱ्याच गिटारमध्ये तिथे तोच गुण थोडाफार मिळतो.

पिकअपचा संबंध नसलेली घों-घोंही असते. गिटारचा व्हॉल्यूम शून्य केला तरी आवाज येतोय? मग लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. थांबला तर ग्राउंड लूप (यंत्रं दोन वाटांनी अर्थला जोडली जाऊन झालेला फेरा) किंवा चार्जरची घाण आहे. बॅटरीवर रेकॉर्ड करा, किंवा लॅपटॉप, प्रोसेसर, स्पीकर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. त्या बोर्डाला खरं अर्थिंग आहे का तेही इलेक्ट्रिशियनकडून तपासा. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. तारांना हात लावला की आवाज कमी होत असेल तर घाबरू नका, तारा गिटारच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि तुमचं अंगही त्याच्यात येतं. पण तारांना हात लावून झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबा, आधी वायरिंग दुरुस्त करा. आणि घों-घों जावी म्हणून प्लगची अर्थची पिन कापणाऱ्या महाभागांचं ऐकू नका.

नॉईज गेट, म्हणजे बारीक आवाज आपोआप बंद करणारा इफेक्ट, सगळ्यात शेवटी. गेटमुळे वाजवत नसताना शांतता होते, नोटच्या आतली घों-घों तशीच राहते.

लेव्हल किती ठेवायची? लाल दिवा लागेपर्यंत?

लाल दिवा लागला म्हणजे वरचा भाग कापला गेला, तो परत येत नाही. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि सर्वात जोरात वाजवताना मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहू द्या. आवाज कमी वाटतो? हेडफोनचा व्हॉल्यूम वाढवा, रेकॉर्डिंगचा नको.

अँप्लिफायरवर जबरदस्त वाटणारा डिस्टॉर्शन लॅपटॉपमध्ये डबीत अडकलेल्या माशीसारखा का?

कारण कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे गिटारच्या स्पीकरची नक्कल, बंद आहे. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज भराभर खाऊन टाकतो, म्हणून अँप्लिफायरवर डिस्टॉर्शन गोड लागतो. सरळ लॅपटॉपमध्ये गेलं की ती गाळणीच नसते. पॅचमध्ये ‘कॅब’ सुरू करा, किंवा आऊटपुट सेटिंग ‘अँप’ऐवजी ‘लाईन’ करा. स्टेजवर अँप्लिफायरला लावताना उलटं. पॅच साठवताना नावात ‘घर’ आणि ‘स्टेज’ असं लिहून ठेवा, नाहीतर ऐन कार्यक्रमात गिटार गोधडीखालून येईल.

एकाच कानात येतं.

ट्रॅकचा इनपुट स्टीरिओ घेतला आहे पण एकच बाजू भरते, किंवा प्रोसेसरचा पॅन एकीकडे आहे. साध्या ऱ्हिदमला मोनो ट्रॅक पुरतो. स्टीरिओ डिले किंवा कोरस असेल तरच १-२ अशी जोडी घ्या.

मोठा आवाज हवा म्हणून तोच ट्रॅक कॉपी करून डावीकडे-उजवीकडे टाकू नका, तो फक्त जोरात वाजेल, पसरणार नाही. तोच भाग खरोखर दोनदा वाजवा. हाताचा किंचित फरकच ते काम करतो.

‘ड्राय’ ट्रॅक म्हणजे काय, आणि कशाला त्रास घ्यायचा?

काही प्रोसेसर यूएसबीच्या वेगळ्या चॅनेलवर इफेक्ट लागण्याआधीची कोरी गिटारही पाठवतात. हेलिक्समध्ये ते ७ आणि ८ नंबरचे. इफेक्टचा ट्रॅक आणि कोरा ट्रॅक, दोन्ही एकदम रेकॉर्ड करा. महिन्याने गायक म्हणाला, ‘दादा, डिस्टॉर्शन जरा जास्तच झालं’, तर पुन्हा वाजवायची गरज नाही. कोरा ट्रॅक यूएसबीतून प्रोसेसरमध्ये परत पाठवायचा, नवा पॅच लावायचा आणि तो नव्याने रेकॉर्ड करायचा. यालाच रिअँपिंग म्हणतात. मी कोणासाठीही वाजवताना कोरा ट्रॅक ठेवतोच, कारण लोकांची मतं बदलतात आणि माझी बोटं दर वेळी तशीच चालत नाहीत.

ही सोय नसेल तर निदान रिव्हर्ब बंद ठेवून रेकॉर्ड करा. तो नंतर घालता येतो, काढता येत नाही.

४४.१ की ४८ किलोहर्ट्झ?

तुमचा प्रोसेसर आतून ज्यावर चालतो, ते. मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. प्रोसेसर आणि प्रोजेक्ट दोन्हीकडे आकडा एकच हवा. ४८ ला रेकॉर्ड केलेलं ४४.१ समजून वाजलं तर गाणं हळू होतं आणि जवळजवळ दीड सेमीटोन खाली उतरतं. ‘ई’मधलं गाणं ‘डी’ आणि ‘डी शार्प’च्या मध्ये कुठेतरी तरंगत असेल तर गिटार पुन्हा ट्यून करू नका, हा आकडा बघा.

सॉफ्टवेअर कोणतं?

मॅकवर गॅरेजबँड, फुकट आहे आणि पुरतं. विंडोजवर रीपर: ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि जुन्या लॅपटॉपवरही पळतं. ऑडॅसिटी कापाकापीला छान, पण तयार डाऊनलोडमध्ये वर्षानुवर्षं आसिओ नव्हतं, म्हणून थरावर थर वाजवायला मी सुचवत नाही.

गायकाचा माईक प्रोसेसरलाच लावू का?

गिटारच्या भोकात नको, ते गिटारच्या पिकअपसाठी बनलेलं असतं. वेगळं माईक इनपुट असेल तर डायनॅमिक माईक चालेल. कंडेन्सर माईकला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो, तो प्रोसेसरमध्ये आहे का ते आधी पाहा. दोन वेगळी यंत्रं एकदम वापरायची म्हटलं तर आसिओवर सॉफ्टवेअर एका वेळी एकच यंत्र धरतं. मॅकवर दोन यंत्रं जोडून एक करता येतात. मी तर गिटार आधी घेतो, गाणं नंतर.

मोबाईलवर होईल का?

अँड्रॉइडला ओटीजी अडॅप्टर लावून होतं, पण फक्त ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या प्रोसेसरचं. एकदा लावून बघा, पाच मिनिटांत कळेल.

मध्येच लाईट गेली तर?

लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, अडॅप्टरवरचा प्रोसेसर बंद पडतो, आणि सॉफ्टवेअरचं साऊंड कार्डच गायब झाल्याने रेकॉर्डिंग तिथेच थांबतं. घरच्या इन्व्हर्टरच्या लाईनवर प्रोसेसर घ्या. बॉसच्या जीटी-वनसारखे काही प्रोसेसर चार पेन्सिल सेलवर चालतात, तेही ठीक, वर अडॅप्टरची घों-घों नाही. अडॅप्टर बदलताना मात्र व्होल्टेजसोबत पिनच्या मधला भाग निगेटिव्ह आहे की पॉझिटिव्ह तेही जुळवा. गिटारच्या सामानात बहुतेक निगेटिव्ह असतो, साध्या घरगुती अडॅप्टरमध्ये बहुतेक उलटं.

आणि फर्मवेअर अपडेट वादळ-पावसाच्या संध्याकाळी कधीच करू नका.

माझा ट्रॅक स्टुडिओला पाठवला, तर स्टुडिओवाला म्हणतो तालात बसत नाही.

तुम्ही व्हॉट्सअॅपवर ऑडिओ म्हणून पाठवला असेल. तिथे तो दाबून लहान होतो. एमपीथ्री केली तरी सुरुवातीला बारीकशी शांतता चिकटते आणि सगळा ट्रॅक तेवढा मागे सरकतो. डब्ल्यूएव्ही फाईल करा, २४ बिटचा स्टीरिओ ट्रॅक मिनिटाला साधारण १६ एमबी होतो. ती ड्राईव्हवर टाकून लिंक पाठवा, नाहीतर व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. सोलो दुसऱ्या मिनिटाला सुरू होत असला तरी फाईल गाण्याच्या शून्यापासूनच काढा, आधीच्या शांततेसकट. फाईलच्या नावात गाणं, टेम्पो, स्वर आणि ४४.१ की ४८ हे लिहा. ‘फायनल न्यू टू’ नावाच्या सात फाईली माझ्याकडे आहेत, कोणाच्या आहेत ते अजून कळलेलं नाही.